डावीकडचे पाहुणे

मल्लेश्वरममध्ये संपिगे रोडच्या मागच्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, हेमलताबाईंचं घर आहे. तिथे कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाला त्या आधी बसवतात, कॉफी देतात आणि मग म्हणतात, "फोटो काढताना उभे कसे राहता, उठून दाखवा." माणूस बिचारा कप खाली ठेवतो आणि टीपॉय आणि टीव्हीच्या मधल्या जागेत कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहतो. बाई त्याच्याकडे बघत नाहीत, त्याच्या कोपरांकडे बघतात. कोपरं अंगाला न टेकता हवेत असली की निम्मा निकाल तिथेच लागतो.

फिल्मच्या कॅमेऱ्यांना या शहरात पुन्हा चांगले दिवस आलेत. दिवसभर स्क्रीनकडे बघून विटलेली ऑफिसांतली मुलंमुली शनिवार-रविवारी आजोबांच्या कपाटातले कॅमेरे गळ्यात अडकवून हिंडतात. रोल धुऊन येतो, फोटो धूसर निघतात, आणि मग कुणीतरी सांगतं की मल्लेश्वरममध्ये एक हेमक्का आहेत, त्यांच्याकडे जा. फक्त जरा सांभाळून जा, त्या बोलतात फार.

बोलतात हे खरं. बोलायचा आपल्याला हक्क आहे असं त्यांचं स्वतःचं स्पष्ट मत आहे. थोरल्या भावाच्या, विठोजींच्या मागोमाग त्या निपाणीहून बंगळूरला आल्या, डिप्लोमा केला आणि एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत भिंगं तपासायच्या कामाला लागल्या. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. भिंग नळीत सरळ बसलंय का, काचेचा मध्य आणि नळीचा मध्य जुळतोय का, एवढंच बघायचं, पण केसाच्या जाडीची चूकसुद्धा त्यांना खपत नसे. धुळीच्या एका कणावरून त्यांनी एका मोठ्या शास्त्रज्ञाला दाराबाहेर उभं केलं होतं, ही गोष्ट तिथे अजून सांगतात आणि बाईही ती कुणी सांगितली तर मधे अडवत नाहीत. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलंच, तर म्हणतात, "वेळ कुठं होता?" आणि विषय भिंगांवर आणतात.

मुग्धा त्यांच्याकडे पहिल्यांदा आली ती रडकुंडीला येऊन. मुलगी पुण्याची, नोकरी व्हाइटफील्डला. एवढं ट्रॅफिक ओलांडून मल्लेश्वरमपर्यंत आली म्हणजे गरज मोठी असणार, हे बाईंनी ओळखलं.

"काकू, माझी लेन्स सॉफ्ट आहे, सगळं धूसर येतं," मुग्धा म्हणाली. "सगळे म्हणतायत की वन पॉइंट फोरवाली महागडी लेन्स घे."

"सगळे म्हणजे कोण?"

"ऑनलाइन ग्रुपवर."

"मग त्या सगळ्यांना एकदा कॉफीला घेऊन ये. तोवर तू काय केलंस ते सांग."

मुग्धाने काहीच केलं नव्हतं. संध्याकाळी, झाडाखाली, हातात धरून फोटो काढले होते आणि दोष भिंगाला दिला होता. बाईंनी भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटपट्टीने ताठ लावलं, कॅमेऱ्याची तिवई, म्हणजे ट्रायपॉड, उभी केली आणि शिकवणी सुरू केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी हात काढून तिवई आणायची. तरी धूसर आलं तर भिंग बदलायचं. तरीही आलं तर कॅमेरा बदलायचा. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर नेमकं काय सुधारलं ते तुला कधीच कळणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि जी वस्तू चांगलीच आहे असं वाटतं, ती आधी तपासायची. लोक नेमकं तिथंच बघत नाहीत."

रोल धुऊन आला तेव्हा मुग्धाच्या त्याच भिंगातून वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता येत होत्या. मुलगी खूश झाली. मग कोणतं भिंग घेऊ, हा प्रश्न तरी तिने सोडला नाहीच. बाईंनी विचारलं, तुला काढायचंय काय. माणसं, रस्त्यावरची, असं ती म्हणाली. "मग पस्तीस मिलिमीटरचं घे आणि दोन पावलं जवळ जा. ते तुझं वन पॉइंट फोर अंधारासाठी असतं. पूर्ण उघडलंस की तेही मऊच दिसतं. तोंड दोन स्टॉप बारीक केलंस की साधं भिंगही तेवढंच रेखीव काढतं." मुग्धाने पस्तीसचं घेतलं. त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली, कधी रोल घेऊन, कधी नुसतीच.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की ज्या बाईने ही शिकवणी दिली तिनेच पुढे त्या शिकवणीतला प्रत्येक नियम मोडला. आणि मोडला तो सख्ख्या भावाच्या बाबतीत.

विठोजींना सगळे अण्णा म्हणतात, बाईसुद्धा. येलहंका स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. हवाई दलातल्या बदलीवर आलेल्या माणसांच्या बायकामुलांचे फोटो, लग्नं, बारशी, पासपोर्ट, सगळं त्यांनी काढलं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. अण्णांनी एक कॅमेरा तेवढा ठेवला, आणि तो वर्षातून एकदा, विजयादशमीला बाहेर निघतो. त्या दिवशी सगळं घर अंगणात करंजाच्या सावलीत उभं राहतं आणि अण्णा फोटो काढतात. उजवीकडे आपली माणसं, डावीकडे सुनेच्या, धनलक्ष्मीच्या माहेरची, धारवाडकडची. त्या बाजूच्या टोकाला खुर्चीत धनलक्ष्मीची आई गंगव्वा. दरवर्षीचा फोटो मोठा करून ओसरीवर लागतो. अण्णा त्यातल्या एकाही फोटोत नाहीत, आणि तरी ते सगळे फोटो अण्णांचेच आहेत असं घरातलं लहान पोरही सांगेल.

दोन दसऱ्यांपूर्वी त्या फोटोत घोटाळा झाला. उजवीकडची माणसं लख्ख आली, मधली लख्ख आली आणि डावीकडची विरत विरत गेली. गंगव्वांच्या तोंडावर तर नाकडोळेच नव्हते. धनलक्ष्मी हसली, पण हसताना म्हणाली, "मावा, आमच्या माणसांना तुमचा कॅमेरा ओळखत नाही वाटतं." सासऱ्याला ती मावा म्हणते. ते वाक्य अण्णांना लागलं. ओसरीवर त्या वर्षीची चौकट लागली नाही.

हेमलताबाईंनी निगेटिव्ह दिव्यावर धरली, भिंगातून पाहिली आणि तिथल्या तिथे निकाल दिला. एकच बाजू जाते म्हणजे भिंग कलंडलंय, आतली एखादी काच सरकलीय. चिकपेटच्या रविवारच्या जुन्या बाजारात हिंडून त्यांनी तसंच दुसरं भिंग शोधलं. घरी आणून ते स्वतःच्या कॅमेऱ्याला लावलं, भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, रोल काढला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अक्षरं सुरेख आली. मग ते भिंग अण्णांच्या कॅमेऱ्यावर चढवून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता भिंगाची जबाबदारी माझी. ह्यात काही खोट निघाली तर मला विचारा."

नीट वाचलंत तर चूक इथेच दिसते. भिंग तपासलं ते त्यांच्या कॅमेऱ्यावर आणि फोटो निघणार होता अण्णांच्या कॅमेऱ्यातून. मुग्धाने असं केलं असतं तर बाईंनी तिला तासभर सोडलं नसतं.

गेल्या दसऱ्याला डावी बाजू पुन्हा गेली.

या वेळी धनलक्ष्मी हसली नाही. भिंग तर हेमाने तपासलेलं, आणि हेमाचं तपासणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक. कॅमेरा लोखंडासारखा, आयुष्यभर चाललेला. मग उरलं कोण, हे प्रत्येकाने मनात ओळखलं आणि अण्णांनी सगळ्यांच्या आधी.

"डोळा गेला माझा, हेमा," ते म्हणाले.

"कायतरी बोलू नकोस, अण्णा. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर काय म्हणाले? उत्तम दिसतंय म्हणाले."

"डॉक्टर म्हणणारच. आगं, कॅमेऱ्याच्या काचंत मला सगळी चांगली दिसायलीत की. गंगव्वाक्काचं तोंड लख्ख दिसतंय. आणि फोटोत बघावं तर काय नाही. म्हंजे मला दिसतंय असं नुसतं वाटतंय. दिसत काय नाही."

हेमलताबाईंनी निगेटिव्ह पुन्हा दिव्यावर धरली आणि तशीच खाली ठेवली.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. अण्णा सकाळचं वर्तमानपत्र हातात घेऊन बसत आणि न वाचता घडी करून ठेवत. बसचा नंबर दुसऱ्याला विचारत. जिना उतरताना कठड्याला धरू लागले. डोळे तेच होते, पण आपल्याला दिसत नाही असं माणसाने एकदा ठरवलं की पाय आपोआप अडखळतात. बाईंना हे दर भेटीत दिसे आणि दर भेटीत जीव तुटे.

यंदा नवरात्र जवळ आलं तसा अण्णांनी कॅमेरा पिशवीत घालून बहिणीच्या हातात दिला. "कुणाला तरी देऊन टाक. ती तुझी पुण्याची पोरगी हाय की, तिला दे. फोटो रणजीत मोबाइलवर काढंल." रणजीत म्हणजे त्यांचा मुलगा, धनलक्ष्मीचा नवरा. तो मान खाली घालून बसला होता. त्यालाही ते काम नको होतं.

बाईंनी वाद घालून पाहिला. अण्णा फक्त "सरी, असू दे, आता ने" एवढंच म्हणत राहिले. शेवटी पिशवी घेऊन त्या मल्लेश्वरमला आल्या आणि पुढच्या रविवारी कॅमेरा मुग्धाच्या हाती ठेवला.

आठवड्याने मुग्धा परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. तिने संध्याकाळच्या वेळी मल्लेश्वरमच्या बाजारात फुलवाल्या बायकांचे फोटो काढले होते.

"काकू, सॉरी. एवढा तुमच्या अण्णांचा कॅमेरा तुम्ही मला दिलात, पण हे बघा ना."

बाईंनी फोटो टेबलावर मांडले. शेवंतीचे ढीग, गजऱ्यांची वेटोळी, बायकांचे हात, सगळं उजवीकडे आणि मध्ये सुरेख. डावीकडे सगळं विरलेलं. प्रत्येक फोटोत.

"तिवई लावली नसशील."

"लावली होती. तुम्ही रागावाल म्हणून मुद्दाम लावली होती." मुग्धाने एक फोटो पुढे सरकवला. "तुम्हीच सांगता ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून. लास्ट इयर तुम्ही लेन्स बदललीत. आता माणूसच बदलला. तरी सेम प्रॉब्लेम. मग राहिलं काय?"

मुलीच्या डोळ्यांना चष्मासुद्धा नव्हता. हेमलताबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं.

ज्यांनी फिल्मचा कॅमेरा कधी उघडला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की त्या दाराच्या आतल्या बाजूला एक काळी, गुळगुळीत पट्टी असते. दार बंद झालं की ती मागून फिल्मला हलकेच दाबून सपाट धरते. भिंगातून येणारं चित्र त्या सपाट फिल्मवर पडतं, आणि पडतं ते उलटं, म्हणजे डावीकडची माणसं फिल्मच्या उजव्या कडेला. फिल्म तिथे जराशी जरी सैल राहिली तरी चित्र विरतं. भरउन्हात भिंगाचं तोंड बारीक केलेलं असतं तेव्हा दोष झाकला जातो. सावलीत भिंग मोठं उघडावं लागतं तेव्हा तो वर येतो. आणि फोटो काढणाऱ्याला यातलं काही कळत नाही, कारण त्याला दिसणारं चित्र वरच्या वेगळ्या काचेवर असतं. तिथे सगळं लख्खच दिसतं.

बाईंनी पट्टीच्या उजव्या, बिजागरीकडच्या कडेला पाहिलं. तिथे गंधाचा ठिपका होता.

तो त्यांनी याआधी कितीदा तरी पाहिलेला होता. उंबऱ्यावरची हळद जशी रोज दिसते आणि म्हणून दिसत नाही, तसा. त्यावर कुंकवाचं बोट होतं. त्याखाली आधीच्या वर्षीचं गंध होतं, त्याखाली त्याच्या आधीचं. वाळून, घट्ट होऊन, थरावर थर.

लावलं होतं त्यांनीच. खंडेनवमीला या गावात रिक्षापासून लेथ मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी अण्णांच्या घरी कॅमेऱ्याची होते. वहिनी होत्या तोवर त्या कॅमेऱ्याच्या चामडी पेटीला हळदकुंकू लावून मोकळ्या होत. वहिनी गेल्यावर ते काम बाईंनी अंगावर घेतलं आणि स्वभावाप्रमाणे जास्त नीट करायला गेल्या. पेटी म्हणजे काही हत्यार नव्हे, असं त्यांचं म्हणणं. बाहेर लावलं तर हाताने पुसलं जातं, म्हणून त्यांनी दार उघडलं. मधोमध लावलं तर चित्र बिघडेल हे त्यांना कळत होतं, म्हणून विचारपूर्वक कडेला लावलं, चित्राच्या हद्दीबाहेर. पुढच्या वर्षी त्यावरच दुसरं, कारण देवाचं जुनं गंध खरवडून कसं काढायचं. प्रयोगशाळेत धुळीच्या कणाला शिव्या घालणारी बाई, पण गंधालाही जाडी असते हे तिच्या ध्यानात आलं नाही.

त्यांनी ठिपक्यावरून नख फिरवलं. चांगलं अडखळलं. पट्टी त्या बाजूला टेकतच नव्हती. गेल्या दोन्ही दसऱ्यांच्या निगेटिव्हच्या पाठीवर एक बारीक ओरखडा आला होता, आणि त्यावरून बाईंनी रोल धुणाऱ्या माणसाला फैलावर घेतलं होतं. तो ओरखडाही इथलाच.

"काकू, हे म्हणजे..." मुग्धा म्हणाली.

"बोल. हसायचं तर हस."

मुग्धा हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतःच कॉफी टाकली. पुण्याच्या मुलीची कॉफी पातळ होते, पण त्या दिवशी बाईंनी तक्रार केली नाही.

कॉफी पिताना त्यांच्या मनात एक सोपी वाट येऊन गेली. ठिपका आताच पुसावा आणि अण्णाला सांगावं की पट्टीची स्प्रिंग ढिली झाली होती, मी बसवली. तेवढ्याने काम झालं असतं आणि हेमक्काची शान राहिली असती. पण भाऊ मानणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. गेल्या वर्षी भिंगाबद्दलही त्यांनी असंच छातीठोक सांगितलं होतं. बहीण आपलं मन राखतेय असं तो म्हणेल आणि पुन्हा वर्तमानपत्राची घडी करून ठेवेल. या वेळी त्याला दाखवायला हवं होतं, आणि जसं आहे तसंच. त्यांनी ठिपक्याला हात न लावता कॅमेरा पिशवीत घातला आणि येलहंकाची बस धरली.

अण्णा ओसरीवर बसले होते. बाईंनी काही प्रस्तावना केली नाही. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ही पट्टी बघ. ह्या कडेला."

"तू लावलेलं गंध हाय की ते."

"व्हय. मी लावलेलं. त्याच्यानंच डावी बाजू जातीय. तुझा डोळा चांगला हाय, अण्णा. पहिल्यापासनं चांगलाच हुता. त्या पोरीनं फोटो काढलं, तिचीबी डावी बाजू गेली. हे बघ."

अण्णांनी फुलवाल्यांचे फोटो एकेक करून पाहिले. मग कॅमेरा उचलून पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"दरसाल रोल घालताना बघतोय मी ह्याला," ते म्हणाले. "मला वाटायचं, हेच माझ्या कॅमेऱ्याला सांभाळतंय."

आणि मग त्यांचा आवाज चढला. बाईंनी भावाला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "वरसभर मी आंधळा झालो की गं. चालता चालता भिंत चाचपायलो. नातवाचं तोंड बघताना मनात यायचं, हे खरंच असं हाय का मला नुसतं वाटायलंय. आणि तू भिंगाची जबाबदारी घेऊन बसलीस." ते उठले आणि अंगणात निघून गेले.

हेमलताबाई तिथेच बसून राहिल्या. त्यांना लाज वाटली. चूक झाल्याची तर वाटलीच, पण त्याहून जास्त वाटली ती त्या छातीठोक बोलण्याची. दोष शोधण्यात उभं आयुष्य गेलं आणि स्वतःवर संशय घ्यायचं तेवढं राहून गेलं.

धनलक्ष्मी कॉफी घेऊन आली. तिने दारातून सगळं ऐकलं होतं. कप ठेवताना ती हळूच म्हणाली, "अत्ते, म्हणजे आमच्या अम्माला देवाच्या गंधानेच पुसलं होय?" बाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात कालचं कन्नड वर्तमानपत्र होतं आणि दुसऱ्या हातात चिकटपट्टी. कुणाशी न बोलता त्यांनी ओसरीच्या भिंतीवर पान लावलं, हाताने सपाट केलं, कोपरे दाबले.

"पूस ते," ते म्हणाले. "आणि रोल दे."

देवाचं गंध पुसायला त्यांचा हात धजेना, हे बाईंनी ओळखलं. त्यांनीच ओल्या फडक्याने हळूहळू थर सोडवले. फडकं पिळलेलं पाणी धनलक्ष्मीने तुळशीच्या मुळाशी ओतलं. मग अण्णांनी रोल घातला, तिवई लावली, भिंग मोठं उघडलं, कारण दोष असेल तर तो तिथेच दिसणार, आणि फोटो काढले. कोपरं अंगाला चिकटलेली होती. तिवई असताना त्याची गरज नव्हती, पण जुनी सवय.

रोल बाईंनी स्वतः घरी धुतला आणि फोटो मोठा करून आणला. अण्णांनी तो उजेडात धरला आणि आधी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे एक छोटी जाहिरात होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली. येलहंका न्यू टाउनमध्ये दोन खोल्या भाड्याने देणे आहे, बोअरवेलचं पाणी, लहान कुटुंबाला प्राधान्य. वाचून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. घरातल्या कुणालाही खोल्या नको होत्या, तरी सगळ्यांनी दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकली.

खंडेनवमीला पाटावर कॅमेरा मांडला. शेजारी धनलक्ष्मीची शिवणाची कात्री आणि रणजीतचा लॅपटॉप. बाईंनी कात्रीला गंध लावलं, लॅपटॉपला झाकणावर लावलं आणि कॅमेऱ्यापाशी येऊन त्यांचं बोट अडलं. पेटीला लावावं तर आपणच आजवर तिला नाकारलेलं. आत तर आता जन्मात लावणार नव्हत्या. वाटी हातात धरून त्या उभ्या राहिल्या, आणि नेमकं कुठे टेकवावं हे या बाईला कळत नाही असं घराने पहिल्यांदाच पाहिलं.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. ते पुढे आले आणि बहिणीसमोर मान वाकवून कपाळ दाखवलं. "हिथं लाव. फोटो मीच काढतोय न्हवं?"

बाईंनी लावलं. ते जरा तिरपं गेलं, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी तिरपं गेलेलं तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी करंजाखाली सगळे जमले. मुग्धालाही बोलावलं होतं. ती उजवीकडे उभी राहायला निघाली तेव्हा अण्णांनी तिला डावीकडे पाठवलं. डावीकडच्या टोकाला खुर्चीत गंगव्वा बसल्या, धारवाडहून कालच आलेल्या, नवी इरकल नेसलेल्या. दोन वर्षं चेहऱ्याविना निघालेली म्हातारी या वेळी जरा साशंकच होती. अण्णांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, भिंग फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मान वर काढली.

"गंगव्वाक्का," ते म्हणाले, "डाव्या कानातली बुगडी कुठाय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. गंगव्वांच्या शेजारी उभ्या असलेल्यांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. गंगव्वांनी कानाच्या वरच्या पाळीला हात लावला. "अय्य, नन्न बुगडी, माझी बुगडी," त्या म्हणाल्या. कान मोकळा होता. मुग्धाने खाली वाकून पाहिलं, धनलक्ष्मीने आईचा पदर झटकला, आणि इरकलीच्या जरीत अडकलेली बुगडी टपकन मांडीवर पडली. धनलक्ष्मीने ती आईच्या कानात पुन्हा बसवली आणि सासऱ्याकडे बघितलं.

अण्णा पुन्हा वाकले. कपाळावर आज सकाळी बहिणीकडून पुन्हा लावून घेतलेलं तिरपं गंध कॅमेऱ्याला लागू नये म्हणून त्यांनी मान किंचित कलती धरली.

"आता दिसली," ते म्हणाले. "कुणी हलू नका."